लिंबावरच्या किडी: कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत्रं विदर्भाचं, मोसंबी मराठवाड्याची. आपल्या कोल्हापुरात लिंबूवर्गीय म्हटलं की उसाच्या बांधावर चार, विहिरीपाशी दोन आणि परसात एक अशी कागदी लिंबाची झाडं. काहींनी सलग बागही धरली आहे, पण रान आहे ते उसाचंच. त्यामुळे नागपूर-अमरावतीच्या बागांसाठी लिहिलेलं वेळापत्रक इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. खालचे प्रश्न इथल्याच शेतकऱ्यांचे आणि घरी एखादं झाड असणाऱ्यांचे आहेत.

पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा उठल्यात आणि पानं मुडपतात. हा रोग आहे का?

रोग नाही, ही नागअळी. पाने पोखरणारी अळी असंही तिला म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचा पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो, अळी पानाच्या वरच्या पातळ पापुद्र्याखाली शिरते आणि हिरवा गर खात पुढे सरकते. रेघेच्या मधोमध दिसणारी काळसर ओळ म्हणजे तिची विष्ठा. शेवटी पानाची कड दुमडून ती आत कोष करते. म्हणून पान मुडपलेलं दिसेपर्यंत तिचं जेवण उरकलेलं असतं आणि त्या पानावर औषध मारून हाती काही लागत नाही.

चार-पाच वर्षांच्या पुढच्या झाडाला नागअळीने उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. रोपवाटिका आणि पहिल्या दोन-तीन वर्षांची झाडं मात्र जपायला हवीत, कारण त्यांची वाढ पालवीवरच असते. दुसरी भीती खैऱ्याची, म्हणजे पानांवर आणि फळांवर खरबरीत डाग पाडणाऱ्या रोगाची. अळीने फाडलेल्या पापुद्र्यातून खैऱ्याचे जिवाणू सहज आत शिरतात. लिंबावर खैऱ्या वाढला म्हणून नुसतं तांब्याचं औषध मारत राहणाऱ्यांनी आधी पालवीवर नागअळी किती आहे ते बघावं.

आणखी एक, मुडपलेली पानं खुडत बसू नका. खुडलं की झाड तिथून पुन्हा कोवळे कोंब फेकतं, म्हणजे अळीला नवं ताट वाढल्यासारखं होतं. पान अर्धं खराब असलं तरी उरलेल्या अर्ध्यावर ते झाडाला अन्न देतंच.

कोवळी पानं देठापर्यंत खाल्ली गेलीत. पानावर पक्ष्याची शीट दिसते, कीड दिसत नाही.

ती शीट नीट बघा, चालते की नाही. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरा पट्टा. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, घाबरण्यासारखी नाही.

फुलपाखरू काळं-पिवळं, बागेत सगळ्यांनी पाहिलेलं. ते एकेक अंडं सुटं घालतं, कोवळ्या पानावर, फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान. त्यामुळे चार-दहा झाडं असतील तर सकाळी हाताने वेचणं हाच सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय. सलग बाग असेल आणि अळ्या लहान असतील तर बीटी नावाचं जिवाणूजन्य औषध चांगलं चालतं. ते अळीच्या पोटात जावं लागतं, म्हणून पानं नीट भिजवून, संध्याकाळी मारावं. परसातल्या जुन्या मोठ्या झाडावर दोन-चार अळ्या दिसल्या तर मी काहीच करत नाही. बेल आणि कढीपत्ता यांच्यावरही हीच अळी येते, तेव्हा श्रावणात बेलाची डहाळी तोडताना ती सापडली तर नवल मानू नका.

मग औषध नेमकं कधी मारायचं? दर पंधरा दिवसांनी एक फवारा ठेवला तर चालेल का?

नाही. लिंबाच्या कामात सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो.

नागअळी, सायला (रस शोषणारी बारीक कीड, तिच्याबद्दल पुढे येतंच), मावा, फुलपाखराची अळी या चारही किडींना कोवळी पालवी लागते. पान निबर झालं की नागअळीला त्यात शिरता येत नाही आणि सायलाला त्यावर अंडी घालता येत नाहीत. म्हणजे वेळापत्रक कॅलेंडरचं नाही, पालवीचं ठेवायचं. झाडाला नवे कोंब फुटून बोटभर लांबीचे झाले की आठवड्यातून दोनदा बागेत फिरा. इथून तिथून दहा-पंधरा कोंब बघा, पानं उलटून बघा. कीड वाढताना दिसली तर तेव्हाच फवारा आणि पालवी अजून फुटत असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघून ठरवा. पालवी निबर झाल्यावर मारलेलं औषध किडीपेक्षा तिला खाणाऱ्या मित्रकीटकांनाच जास्त लागतं.

लिंबू वर्षातून अनेकदा पालवी काढतं. आपल्याकडे मोठ्या फुटी साधारण पहिल्या पावसानंतर, पावसाळा ओसरताना आणि थंडी सरताना येतात. या तीन वेळा लक्ष ठेवलं तर अर्धी लढाई जिंकली. फुलोरा चालू असताना कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात. अगदीच गरज पडली तर निंबोळी, तीही संध्याकाळी.

बागेतल्या लिंबापेक्षा उसाच्या बांधावरच्या लिंबाला कीड जास्त का लागते?

कारण ते झाड उसाच्या ताटात जेवतं. उसाला पाट सोडला की बांधावरच्या लिंबाच्या मुळाशी पाणी तुंबतं, उसाला युरिया टाकला की लिंबालाही पोचतो. भरपूर नत्र आणि भरपूर पाणी मिळालं की लिंबू बारा महिने लुसलुशीत पालवी काढत राहतं, आणि पालवीवर कीड येते हे वर सांगितलंच. शिवाय उंच उसाच्या आडोशाला हवा खेळत नाही, दमटपणा राहतो, तो पिठ्या ढेकूण आणि खवले किडींना मानवतो.

बांधावरच्या झाडाभोवती मातीचा छोटा वरंबा घालून पाटाचं पाणी बुंध्यापासून दूर ठेवा. युरियाचा हात झाडाच्या घेराबाहेरच थांबवा. शेणखत द्या, नत्र एकदम न देता विभागून द्या. मुळाशी पाणी साचल्यावर डिंक्या रोग होतो तो वेगळाच, आणि डिंक ओघळून पिवळ्या पडलेल्या झाडावर कितीही कीटकनाशक मारलं तरी ते हिरवं होणार नाही.

पानं अरुंद झालीत, वळलीत, कपासारखी झालीत. पण किडीचा मागमूस नाही.

शेजारच्या उसात नुकतंच तणनाशक मारलं होतं का, ते आधी विचारा. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी सर्रास वापरतात. वाऱ्यावर त्याचा तुषार आला की लिंबाची कोवळी पानं अशी वेडीवाकडी होतात. नागअळीत चांदीची रेघ असते, माव्यात पानामागे चिकट पुंजके असतात. या दोन्हींपैकी काहीच नसेल आणि झाडाच्या एकाच बाजूची, उसाकडची पालवी वळलेली असेल, तर शंका तणनाशकाचीच घ्यावी. यावर औषध नाही. थोडा तुषार आला असेल तर पुढची फूट सरळ येते. शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा वारं पडल्यावर, पंपाचा दाब कमी ठेवून मारायची विनंती करणं बरं.

पानं आणि फळं काजळी फासल्यासारखी काळी झालीत. बुरशीनाशक मारू का?

काजळी ही बुरशी आहे खरी, पण ती झाडावर जगत नाही, किडीने सोडलेल्या गोड चिकट स्रावावर जगते. स्राव थांबला की काजळी वाळून सुटते. तेव्हा आधी तो स्राव सोडतं कोण, हे शोधायचं. पान उलटा. खाली चकचकीत काळे, कडेला पांढरी किनार असलेले बारीक ठिपके असतील तर ती काळी माशी. विदर्भात संत्र्यावर कोळशी म्हणून जिचा धसका घेतात ती हीच. तिची अंडी पानामागे चक्राकार मांडलेली असतात. पिल्लं एकदा चिकटली की हलत नाहीत, म्हणून अंडी फुटून पिल्लं लहान असतानाच पानांच्या मागच्या बाजूने निंबोळी तेल किंवा लेबलवर शिफारस असलेलं औषध बसायला हवं. पान वरूनच भिजवलं तर पंप रिकामा होतो, एवढंच.

मावा, पिठ्या ढेकूण, खवले किडी यांच्यामुळेही काजळी येते. आणि झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती आधी तोडा. गोड स्रावासाठी मुंग्या या किडींची राखण करतात, ढालकिडे आणि गांधीलमाश्यांना हुसकावतात. बुंध्याभोवती कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट ग्रीस नको. जमिनीला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिथून चढतात. गंमत म्हणजे चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संत्रावर्गीय बागांत किडी खाण्यासाठी मुद्दाम मुंग्यांची घरटी विकत आणून टांगत. ती जात वेगळी, पान विणून घर करणारी, शिकारी.

काजळी घालवायची घाई असेल तर उन्हाच्या दिवशी पातळ खळ फवारा. वाळली की पापुद्र्यासकट सुटून पडते.

पांढऱ्या कापसासारखं काहीतरी फांदीला लागलंय. उसावरचा लोकरी मावाच आला की काय?

नाही. लोकरी मावा उसावर आणि त्याच्या जातकुळीतल्या गवतांवर राहतो, लिंबावर येत नाही. तुमच्या झाडावर आहे तो बहुधा पिठ्या ढेकूण.

पण आठवण काढलीत ते बरं झालं. २००२ साली लोकरी मावा आधी सांगली भागात दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातला ऊस पांढरा झाला. तेव्हा औषधांनी जेवढं जमलं नाही तेवढं डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस नावाच्या मावा खाणाऱ्या किड्याने केलं. लोकांनी या मित्रकिडी पानांसकट एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्या. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना मित्रकीटक म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लिंबूवर्गीय झाडांचा इतिहासही तसाच आहे. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका लाल ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या बागा कापसाळ खवले किडीपासून वाचवल्या आणि जगभर जैविक नियंत्रणाचा पाया तिथं पडला. पिठ्या ढेकणासाठी आज आपल्याकडे क्रिप्टोलेमस हा ढालकिडा मिळतो. याची अळी स्वतःच पांढरी, कापसाळ दिसते. बरेच जण तिलाच ढेकूण समजून चिरडतात! फरक सोपा आहे: ढेकूण जागचा जेमतेम हलतो, ही अळी तुरुतुरु चालते. ढालकिडे सोडल्यावर निदान काही आठवडे तरी कडक औषध मारायचं नाही, हे ओघाने आलंच.

परसात लिंबू आणि कढीपत्ता शेजारी-शेजारी आहेत. काही बिघडतं का?

थोडं बिघडतं. सिट्रस सायला नावाची कीड दोन्हींवर वाढते, आणि कुंपणाला लावतात त्या कुंतीवरही. सायला तीन-चार मिलिमीटरची, भुरकट. बसते ती डोकं खाली आणि शेपूट वर करून, तिरकी. ही ढब एकदा पाहिली की विसरत नाही. पिल्लं पिवळी-नारिंगी, चपटी, कोंबाच्या बेचक्यात दाटीने बसतात आणि पांढरे मेणाचे दोरे सोडतात.

रस शोषल्याने कोंब मरतो हे नुकसान लहान. मोठं नुकसान असं की सायला ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि ग्रीनिंग झालेलं झाड बरं होत नाही. ग्रीनिंग आणि जस्ताची कमतरता यांत लोकांची गल्लत होते. जस्त कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही पानाच्या दोन्ही अर्ध्यांत सारखा. ग्रीनिंगमध्ये पिवळे डाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जुळत नाहीत.

कढीपत्ता तोडून टाका असं मी म्हणणार नाही. फोडणी कशाची द्यायची मग? पण त्याची पालवी आली की लिंबाबरोबर तीही तपासा, आणि नवं लिंबू लावताना दोघांत जमेल तेवढं अंतर ठेवा. कढीपत्ता रोज खाण्यात जातो, त्याच्यावर रासायनिक औषध नको. कोंबच खुडून सायलासकट नष्ट करा. (लिंबाचं खुडू नका म्हटलं होतं, कढीपत्त्याला खुडणं मानवतं.)

माव्याकडे दुर्लक्ष केलं तर चालतं ना? पाऊस आला की जातो.

जोराच्या पावसाने मावा धुऊन जातो, ढालकिडे आणि क्रायसोपा हा मित्रकीटकही त्याला खातात, म्हणून जुन्या झाडावर दुर्लक्ष चालून जातं. पण तपकिरी-काळा मावा ट्रिस्टेझा विषाणू पसरवतो आणि कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. रोपं आणत असाल तर खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई सरबती हे वाण पश्चिम महाराष्ट्रात चांगलं रुळलं आहे. रस्त्याकडेच्या गाडीवरून स्वस्तात घेतलेल्या रोपाबरोबर काय काय घरी येतं, ते दोन वर्षांनी कळतं.

फळाच्या देठाभोवती करड्या रंगाचं गोल कडं येतं आणि साल खरखरीत होते.

गोल कडं म्हणजे फुलकिडे. फळ वाटाण्याएवढं असताना ते देठाच्या पाकळीखाली खरवडतात आणि फळ वाढलं तसं ते कडंही वाढत जातं. मोठ्या फळावर दिसतं ते जुनं व्रण असतं, त्यावर इलाज नाही.

सगळी सालच तांबूस-खरखरीत असेल तर कोळी. हा कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. तो कीटकही नव्हे, म्हणून बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वारंवार मारलं की कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उसळतो. पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हात नको आणि निंबोळी तेलाच्या मागेपुढे लगेच नको, पानं करपतात. दोन्हींत रसाला काही होत नाही, फक्त बाजारात भाव पडतो.

पिकत आलेली फळं गळतात, टाचणीएवढं भोक असतं.

रात्री बॅटरी घेऊन बघा. रस शोषणारा पतंग रात्रीच येतो, सोंड खुपसून रस पितो, भोकाभोवती फळ सडतं. याचा त्रास मोसंबी-संत्र्याला जास्त. लिंबू हिरवं-पिवळं असतानाच तोडतो, त्यामुळे ते बरंचसं सुटतं. याची अळी लिंबावर नसतेच. ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. करोनाच्या काळात काढ्यासाठी घरोघर गुळवेल चढवली गेली, ती बागेजवळ असेल तर लांब हलवा. गळलेली फळं रोज गोळा करून पुरा, संध्याकाळी धूर करा. फळात पांढऱ्या अळ्या निघाल्या तर ती फळमाशी. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे मिळतात.

खोडावर भुशाची जाळी लोंबते. जुन्या पुस्तकात नुवानचा बोळा घालायला सांगितलंय.

ही साल खाणारी अळी. दुर्लक्षित, दाटलेल्या जुन्या झाडांवर हमखास. दिवसा भोकात राहते, रात्री जाळीखाली साल खाते. जाळी ब्रशने साफ करा, भोकात तार घालून अळी मारा, रॉकेल किंवा पेट्रोलचा छोटा बोळा कोंबून चिखलाने भोक लिंपा.

नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणाच्या गोठ्यात जुनी बाटली असली तरी वापरू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावत जा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. ती मुख्यतः डिंक्यासाठी, पण लावायला खोड घासून साफ केलं की अळीही वेळेत सापडते.

निंबोळी अर्क घरी कसा करायचा?

पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून दोन-तीनदा पिळून काढा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण शंभर लिटर करा. हा झाला पाच टक्के अर्क. त्याच दिवशी संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा जोर जातो. अर्काने कीड लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं, कात टाकणं, अंडी घालणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या म्हणून अर्क फुकट गेला असं समजू नका.

पावसाळ्यात फवारणी टिकतच नाही. काय करावं?

शिरोळ आणि गगनबावडा यांचा पावसाळा एक नाही, म्हणून उत्तरही एक नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडे उघडीप मिळते, तिथं पालवी बघून फवारता येतं. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे संततधारेत फवारणीच्या नादी न लागलेलं बरं. मावा पाऊसच धुतो. त्या दमट हवेचा फायदा मात्र घ्या: व्हर्टिसिलियम, मेटारायझियम या मित्रबुरशी उघडिपीच्या संध्याकाळी मारल्या तर पिठ्या ढेकूण, मावा, काळी माशी यांच्यावर छान वाढतात. एकच पथ्य आहे. बोर्डो किंवा तांब्याचं औषध त्याच पंपात किंवा लगोलग मारू नका. ते रोगाची बुरशी मारतं तसं मित्रबुरशीलाही मारतं.

राजारामपुरीत गच्चीवर कुंडीत लिंबू आहे. दुकानातलं औषध आणू का?

एका कुंडीसाठी नको. अळ्या वेचा, मावा-ढेकूण पाण्याच्या धारेने पाडा, राहिलेल्यांवर लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघा.

रासायनिक औषध मारल्यावर किती दिवसांनी लिंबं तोडायची?

लेबलवर लिहिलेले दिवस पाळायचे, आणि ते औषध लिंबूवर्गीय पिकासाठी शिफारस केलेलं आहे का हेही लेबलवरच बघायचं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं दुकानदार सांगेल. ती सायलासाठी चालतात, पण मधमाश्यांना घातक आहेत आणि सारखं एकच मारलं तर कीड सरावते. लिंबाच्या बाबतीत दिवस काटेकोर पाळायचं कारण साधं आहे: लोणच्यात आपण सालीसकट खातो.

मारताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि वारा येतो त्या बाजूला पाठ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ती कपाशी होती म्हणून लिंबू सुरक्षित असं नाही. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

कीड ओळखता येत नाही. कुणाला दाखवू?

कीड लागलेली कोवळी डहाळी पिशवीत घालून गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कणेरी वा तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर पानाच्या मागच्या बाजूचाही काढा. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येतं. दुकानात मोकळ्या हाताने जाऊन ‘लिंबावर मारायचं काहीतरी द्या’ असं म्हणू नका. जे शिल्लक असेल ते मिळेल.

उसात तणनाशक मारलेला पंप धुऊन लिंबाला वापरला तर?

नको. २,४-डी नळीत आणि नोझलमध्ये चिकटून राहतं, दोन पाण्याने जात नाही. लिंबासाठी पंप वेगळाच ठेवा.